कुंपणापर्यंतची धाव

बाईंच्या नोकरीबद्दल घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, ते एका वाक्यात संपायचं. बाईंचं तसं नव्हतं. एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी विचारलं तेव्हा नणंदेने वेळ मारून नेण्यासाठी "वहिनी सरड्यांचं रक्त तपासतात" असं सांगितलं, आणि पाहुण्यांनी हातातला कप हळूच खाली ठेवला. सासूबाईंची शंका निराळीच होती. रक्त तपासून झाल्यावर सरड्याला औषध देतात का, आणि देत नसतील तर त्या बिचाऱ्याला टोचायचं तरी कशाला, असं त्या दर दोन-तीन महिन्यांनी विचारत. बाई दर वेळी सगळं पहिल्यापासून समजावत, आणि सासूबाई शेवटी मान हलवून म्हणत, "म्हणजे औषध नाहीच."

काम असं होतं. सरड्याच्या शेपटीतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, काचपट्टीवर पातळ पसरायचा, वाळवून जांभळ्या रंगात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे नुसत्या चपट्या चकत्या, आत काही नाही. सरड्याच्या पेशीत मात्र मधोमध एक लांबट केंद्र असतं, जांभळं, टपोरं. हवेत, पाण्यात, मातीत काही विषारी असलं की त्या केंद्रातला वारशाचा धागा कुठेतरी तुटतो. मग एका पेशीच्या दोन होताना तो तुकडा मागे राहतो आणि मोठ्या केंद्राशेजारी बारीक ठिपका होऊन बसतो. हजार पेशींत असे ठिपके किती, एवढंच मोजायचं. एखाद-दुसरा असला तर तो कुठल्याही सरड्यात सापडतो. पाच-सहा झाले तर त्या जागेत काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

पुस्तकात त्या ठिपक्याला भारदस्त नाव होतं. बाईंनी पहिल्याच वर्षी त्याला 'कडेवरचं' म्हणायला सुरुवात केली, कारण एखादीने कडेवर पोर घ्यावं तसं ते दिसायचं. आधी विद्यार्थी हसले, मग तेच म्हणायला लागले, आणि पुढे तर एका मोठ्या सभेत भाषण करताना खुद्द सरांच्या तोंडून "प्रति हजार कडेवरची" असं निघून गेलं.

बाई कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात आल्या होत्या बाटल्या धुवायला. शाळा दहावीपर्यंत झालेली, पुढे राहून गेलेली. एक दिवस एक संशोधक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकावरून उठून डोळे चोळत बसला होता. मला बघू का जरा, असं बाईंनी विचारलं. त्याने बघू दिलं. दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या, वरच्या कोपऱ्यात एक आहे, खालच्या रांगेत एक आहे, आणि तुम्ही खूण केलीय तो रंगाचा डाग आहे. विद्यार्थ्याने पुन्हा पाहिलं, मग सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं. पुढच्या महिन्यापासून बाटल्या धुवायला दुसरं माणूस आलं आणि बाई खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसल्या, त्या अठरा वर्षं तिथेच होत्या. डाव्या हातात खटका दाबून आकडे पुढे सरकवायचं छोटं यंत्र, उजवा हात काचपट्टी सरकवायच्या चाकावर. त्यांचं एवढं नाव झालं होतं की कुणाला खरकट्या कपाचा डाग दाखवला तरी "बाईंना विचारून या, कडेवरचं आहे का" म्हणत.

सर म्हणजे विभागाचे प्रमुख. उंच, किडकिडीत, विज्ञानाच्या बाबतीत अगदी काटेकोर आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढचं त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण तुम्ही चेष्टेने वापरता. आमचं सगळं शास्त्र त्या म्हणीवर उभं आहे." मग ते सांगत, की पक्षी उडून जातो, मासा वाहून जातो, माणूस तर बदली मागून घेतो. सरडा जन्मतो त्याच कुंपणावर मरतो. त्या जागेने त्याला जे पाजलं, तेच त्याच्या रक्तात लिहिलेलं सापडतं.

त्या वर्षी सरांनी तीन जागा निवडल्या. एक, कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या नाल्याचा काठ. दोन, अवजड गाड्यांचा मोठा चौक. तिसरी जागा स्वच्छ हवी होती, म्हणजे बाकीच्या दोन्हींशी तिची तुलना करता आली असती. सरांनी फार विचार केला नाही. त्यांचं घर टेकडीच्या अंगाला होतं, वारा उलट्या दिशेने यायचा, रस्त्यावर दिवसाला चार गाड्या. ते म्हणाले, स्वच्छ जागा हवी तर माझं अंगणच घ्या ना. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

सरडे धरायचं काम विभागातल्या शिपायाचं. त्याला सगळे मामा म्हणत. लांब काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावून तो सरड्याच्या गळ्यात असा अलगद अडकवायचा, की सरड्यालाही आपण पकडले गेलोय हे उशिरा कळायचं. थेंबभर रक्त दिलं की सरडा पुन्हा त्याच जागी सोडायचा. तोच पुन्हा हाती लागू नये म्हणून पाठीवर नखांना लावायच्या रंगाचा ठिपका. तीन जागांसाठी तीन रंग हवे होते, म्हणून बाई स्वतः दुकानात गेल्या. दुकानदारीण त्यांच्या हाताकडे बघून म्हणाली, तुमच्या रंगाला गुलाबी खुलेल. बाई म्हणाल्या, माझ्यासाठी नकोय, सरड्याच्या पाठीवर उठून दिसायला हवा. दुकानदारणीने बाटल्या पटकन बांधून दिल्या.

सरांच्या घरी मामा गेला तेव्हा घर बंद होतं. सर आणि मॅडम लेकीकडे गेले होते. मामाने बाहेरच्या कुंपणावरून दहा सरडे धरले, थेंब घेतले, हिरवा ठिपका लावून सोडून दिले.

मोजणाऱ्याचं मन आकड्याला वळण लावतं, म्हणून बाईंना कुठल्या जागेची कुठली काच हे सांगायचं नाही, असा सरांचाच नियम होता. तीस काचपट्ट्यांवर नुसते क्रमांक होते आणि कुठला क्रमांक कुठला, ती यादी बंद पाकिटात हेडक्लार्कच्या कपाटात. बाई अडीच आठवडे मोजत होत्या. मोजता मोजता त्यांना जाणवलं की काचा तीन गटांत पडतायत. काहींत दोन-तीन, काहींत सहा-सात, आणि दहा काचा तर अशा, की पेशीमागून पेशी कडेवर पोर घेऊन निघालेली. बाईंना वाटलं, हाच नाला. त्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्यासुद्धा, की त्या नाल्याकाठी काही खरं नाही, पोरांना तिकडे खेळायला जाऊ देऊ नये.

पाकीट उघडलं तेव्हा सर, चार संशोधक विद्यार्थी, मामा आणि बाई असे सगळे हजर होते. सर यादी वाचत गेले आणि बाई वहीतून आकडे सांगत गेल्या. चौक, हजारी सरासरी तीन. नाला, सहा. मग सर जरा सैल होऊन म्हणाले, आता आपली स्वच्छ जागा.

"अकरा," बाई म्हणाल्या.

सरांनी यादी उलटी करून बघितली, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग ते म्हणाले, पाकिटात घोळ झालाय. मामाला ते लागलं. त्याने तीन रंगांच्या बाटल्या आणि त्याच रंगांच्या खुणा केलेले तीन डबे आणून टेबलावर मांडले आणि हात मागे बांधून उभा राहिला. घोळ नव्हता. मग सर म्हणाले, जांभळा रंग जुना झाला असेल, त्याचे कण बसलेत. बाई म्हणाल्या, तिन्ही गटांना एकाच बाटलीतला रंग होता, एकाच दिवशी. विद्यार्थी जमिनीकडे बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "बाई, डोळे कधी तपासलेत?"

अठरा वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. घरी जाताना त्यांच्याच मनात शंकेची पाल चुकचुकली. वय झालं होतं. सुईत दोरा ओवताना हल्ली दोनदा चुकायचं. रात्री जेवताना त्या पानाकडे इतक्या निरखून बघत होत्या, की सासूबाईंनी विचारलं, पानात सरडा आहे का.

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण होता, घाईत होता. त्याने भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ वाचायला सांगितली. बाईंनी वाचली. त्याच्या खालची वाचली. मग त्याही खाली, कडेला, तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नाव होतं, ते वाचलं. डॉक्टर म्हणाला, पुरे. बाई म्हणाल्या, "एक सांगू का? तिसऱ्या ओळीत 'ग' आहे. सगळे 'गं' वाचत असतील. ते टिंब नाहीये, माशीची घाण आहे."

डॉक्टर उठून तक्त्याजवळ गेला, नखाने टिंब खरवडलं, आणि ते निघालं. तो खुर्चीवर येऊन बसला आणि म्हणाला की गेली दोन वर्षं जे जे 'ग' म्हणाले त्या सगळ्यांना त्याने चष्मा दिला होता. जवळचं वाचायला थोडा नंबर लागेल एवढंच त्याने बाईंना सांगितलं आणि कागदावर 'दूरदृष्टी उत्तम' असं लिहून दिलं. बाईंनी तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवून डोळ्याचा नंबर जुळवून घेता येतो, ते त्यांना ठाऊक होतं, सरांनाही होतं.

सरांनी मग एका विद्यार्थिनीला गुपचूप त्याच दहा काचा मोजायला दिल्या. कुठल्या आहेत ते तिला माहीत नव्हतं. तिची सरासरी आली बारा. आता नियम असा, की पुन्हा नमुने आणायचे. सर म्हणाले, रविवारी सकाळी या, मी स्वतः घरी असेन.

रविवारी बाई आणि मामा बसने गेले. मॅडमनी दार उघडलं, चहा ठेवते म्हणाल्या आणि सर मागे आहेत असं सांगून कपाळ चोळत आत गेल्या. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चषकच चषक. बाई जवळ जाऊन बघतात तो सगळे गुलाबांच्या स्पर्धेचे. सर गुलाब लावतात एवढं विभागात माहीत होतं, कारण सोमवारी त्यांच्या टेबलावर एक फूल असायचं, न कुरतडलेलं, न डागाळलेलं, खोटं वाटावं असं.

ते मागे गेले. दीड-दोनशे गुलाबांच्या रांगा, आणि त्यांच्यात एक उंच आकृती. डोक्याला टॉवेल, डोळ्यांवर पोहायचा चष्मा, नाका-तोंडावर रुमाल, हातात रबरी मोजे, पाठीवर फवारणीचा पंप. आवाज ऐकला नसता तर ते सर आहेत हे बाईंना कळलंही नसतं. मामाने हळूच कुंपणाकडे बोट दाखवलं. तारेवर एक सरडा बसला होता, पाठीवर हिरवा ठिपका, आणि फवाऱ्याचं धुकं वाऱ्याबरोबर सरळ त्याच्या अंगावर जात होतं.

सरांनी हात वर करून थांबा अशी खूण केली आणि रांग पुरी केली. मग रुमाल खाली करून उत्साहाने सांगायला लागले, की बाजारातलं एक औषध पुरत नाही, म्हणून ते तीन एकत्र करतात, प्रमाण त्यांचं स्वतःचं आहे, आणि ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाईंनी विचारलं, "सर, हे रोज मारता?"

"रोज कुठे," सर म्हणाले, "एक दिवसाआड."

सरांचं बोलणं त्यांच्याच कानांवर पोचायला थोडा वेळ लागला. त्यांनी पोहायचा चष्मा वर केला, कुंपणाकडे पाहिलं, तारेवरच्या हिरव्या ठिपक्याकडे पाहिलं, हातातल्या नळीकडे पाहिलं. मामा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "धाव कुंपणापर्यंत."

मॅडम चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की अकरा वर्षं त्या म्हणतायत याने डोकं दुखतं, आणि अकरा वर्षं त्यांना उत्तर मिळतंय, की तुला शास्त्र कळत नाही.

सोमवारी सरांच्या टेबलावर फूल नव्हतं. त्यांनी बाईंना आत बोलावलं, दार लावलं, आणि पंधरा मिनिटं असं काहीतरी सांगितलं, ज्याचा अर्थ एवढाच होता, की तिसरी जागा चुकीची निवडली गेली, तेव्हा तिचा गट काढून टाकू आणि दुसरीकडची एखादी स्वच्छ जागा घेऊ. त्यात खोटं काही नाही, असं ते तीनदा म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि सरांशी तर नव्हतंच.

"सर, मला मोजता येतं," त्या म्हणाल्या. "मोजलेलं पुसता येत नाही. ते तुम्ही करा. पण मग वहीतलं माझं अक्षरही तुम्हीच पुसा."

सर चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. बाईंनी ते चार दिवस कासवांच्या जुन्या काचा पुन्हा मोजण्यात घालवले, कारण कासवाचा कुणाशी तंटा नसतो. घरी सासूबाईंना कळलं की साहेबांशी वाजलंय. त्यांनी कारण विचारलं, आणि सगळं ऐकून पहिल्यांदाच औषधाबद्दल विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मग सरड्याला औषध नसतं तेच बरं म्हणायचं."

तिसऱ्या दिवशी मॅडम विभागात आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, माझंही मोजता येईल का. बाई म्हणाल्या, माणसाच्या रक्ताचं असं जमत नाही, पण गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी चालतात. त्यांनी नव्या मऊ दातब्रशाने मॅडमच्या गालाच्या आतून हलकेच पेशी घेतल्या, रंग दिला, आणि संध्याकाळपर्यंत दोन हजार मोजल्या. दोन निघाले, म्हणजे हजारी एक. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. डोकेदुखीचं काचपट्टी सांगू शकत नाही, त्यासाठी डॉक्टरला दाखवा, हेही सांगितलं.

पाचव्या दिवशी दुपारी सर आले. हातात एक काचपट्टी होती. त्यांनी ती बाईंच्या टेबलाच्या अगदी कडेला ठेवली. "असाच एक नमुना आहे," ते म्हणाले. "बाहेरून आलाय. गालाचा."

काचेच्या कोपऱ्यावर जांभळ्या रंगाचा बोटाचा ठसा होता आणि सरांचं पहिलं बोट जांभळं होतं. बाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. पेशी इतक्या जाड पसरल्या होत्या की कुठल्याही विद्यार्थ्याला त्यांनी परत पाठवलं असतं. तरी त्यांनी मोजलं. सर खिडकीतून बाहेर, तिथे बघण्यासारखं काहीही नसताना, सव्वादोन तास बघत उभे होते.

शेवटी बाई म्हणाल्या, "हजारात पाच."

"ते... फार आहे का?"

"एका काचेवरून कुणी काही ठरवू नये, हे तुम्हीच शिकवलंत. पण ज्यांचा नमुना आहे त्यांना म्हणावं, पंप खाली ठेवा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

सर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं की तिन्ही गट शोधनिबंधात राहतील, जसे आलेत तसे. तिसऱ्या जागेचं वर्णन ते स्वतः लिहितील. ते त्यांनी लिहिलंही: 'टेकडीलगतचं निवासी अंगण, निबंधलेखकाने स्वतः अकरा वर्षं एक दिवसाआड कीटकनाशकांचं मिश्रण फवारलेलं.' निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या एका परीक्षकाने उलट विचारलं, की हा निबंधलेखक शुद्धीवर होता का. सरांनी उत्तर पाठवलं, की आता आहे.

पंप अडगळीत गेला. त्या वर्षी गुलाबांवर मावा पडला, अळ्या पडल्या, आणि सरांना स्पर्धेत उत्तेजनार्थसुद्धा काही मिळालं नाही. ज्या शेजाऱ्याला पहिलं बक्षीस मिळालं तो त्यांना कुंपणावरून औषधाचं प्रमाण विचारायला आला, तेव्हा सरांनी त्याला दीड तास व्याख्यान दिलं. गालाचा तो बाहेरचा नमुना तीन महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी पातळ पसरलेला, आणि हजारात दोनवर होता. सरड्यांना वेळ लागला, कारण त्यांच्या तांबड्या पेशी माणसासारख्या झटपट बदलत नाहीत. दीड वर्षाने मामा पुन्हा काठी घेऊन गेला. सरासरी आली चार. बाईंनी ती दोनदा मोजली.

निबंध छापून आला त्यात बाईंचं नाव दुसरं होतं. त्यामुळे एक नवीनच संकट उभं राहिलं. दुसऱ्या एका कॉलेजातून पत्र आलं, की आमच्या विद्यार्थ्यांना ही मोजणी शिकवायला निबंधाच्या दुसऱ्या लेखिकेला पाठवा. बाई म्हणाल्या, मला बोलता येत नाही. सर म्हणाले, मी बरोबर येतो.

वर्गात वीस सूक्ष्मदर्शक मांडले होते आणि वीस मुलंमुली वही उघडून बसली होती. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या, चार मिनिटांत त्यांना येत होतं ते सगळं सांगून झालं, आणि उरलेल्या दोन तासांचं काय करायचं हे कळेना. मग त्या म्हणाल्या, "आता मोजा." आणि त्या बाकांमधून फिरायला लागल्या. कुणाची मान वाकडी होती ती सरळ केली, कुणी घाईने चाक फिरवत होतं त्याच्या हातावर हात ठेवला. एकीला कडेवरचं सापडलं तेव्हा ती स्टुलावरून जवळजवळ पडली. सगळ्यांना एकाच सरड्याच्या काचा होत्या, बाईंनी आधी मोजलेल्या, हजारात सात. मुलांचे आकडे सहा, सात, आठच्या आसपास यायला लागले.

मागच्या बाकावर सरही एका सूक्ष्मदर्शकाशी बसले होते, अंग चोरून. बाई त्यांच्यापाशी आल्या आणि किती म्हणून विचारलं.

"तीन," सर म्हणाले.

बाईंनी वाकून एकदा काचेत पाहिलं.

"पुन्हा मोजा, सर."

सरांनी खटक्याचं यंत्र शून्यावर आणलं, डोळा लावला, आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.